स्विचमधला लहानसा दिवा



रात्री घाट उतरताना पाऊस येतो, काच वर घ्यायची असते आणि दारावरची बटणं दिसत नाहीत. चालक रस्त्यावरची नजर काढून बोटांनी चाचपडू लागतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे सरकते. म्हणून स्विचमधल्या दिव्याला मी शोभेची वस्तू समजत नाही.

तो गेला की गॅरेजवाले बहुधा सांगतात, अख्खा स्विच बदला. वास्तविक आत बिघडलेला असतो तो काही मिलिमीटर लांबीचा एक एलईडी. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे एलईडी सुटे मिळतात. धडधाकट स्विच त्यासाठी कचऱ्यात जावा, हे मला पटत नाही.

आधी एवढंच पाहा, एकच स्विच अंधारात आहे की सगळे? हे दिवे पार्किंग लाइटबरोबर लागतात. सगळेच गेले असतील आणि मागचे लाल दिवेही बंद असतील, तर दोष बहुधा फ्यूजचा.

एकच स्विच असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि पॅनेल प्लास्टिकच्या पट्टीने अलगद उचला. स्टिअरिंगवरच्या बटणांना मात्र घरी हात लावू नका. तिथे एअरबॅग असते आणि तिच्या वायरला मल्टिमीटर लावणंही धोक्याचं. ते काम प्रशिक्षित कारागिराचंच.

आत पाहिलंत की पुष्कळदा एलईडी निर्दोष निघतो. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, पावसाळ्यात उघड्या काचेतून पाणी शिरतं आणि तांब्यावर हिरवा थर चढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश घेऊन तो साफ करा. किंवा खड्ड्यांच्या हादऱ्यांनी सोल्डरचा जोड तडकलेला असतो. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून तारा एलईडीला टेकवा. तो मंद उजळला तर बदलायची गरज नाही.

बदलायचाच असेल तर थोडं गणित हवं. गाडी चालू असताना सुमारे 14 व्होल्ट मिळतात आणि पांढऱ्या एलईडीला लागतात साधारण 3. म्हणून पुष्कळ स्विचमध्ये तीन एलईडी एकामागे एक जोडून उरलेले 5 व्होल्ट रेझिस्टरवर सोडतात. 10 मिलिअँपिअर प्रवाहासाठी तो 500 ओहमचा लागतो. या रचनेत एक तुटला की तिन्ही विझतात, तेव्हा तिघांनाही तपासा. आणि एकाच्या जागी 2 व्होल्टचा लाल बसवलात तर रेझिस्टरवर 6 व्होल्ट येतात, प्रवाह 12 मिलिअँपिअर होतो आणि उरलेल्या दोघांवरही ताण पडतो. रंग बदलायचा तर रेझिस्टरही बदला.

जुना काढण्याआधी त्याच्या कोपऱ्यावरची खूण कुठल्या बाजूला आहे, त्याचा फोटो काढा. उलटा बसलेला एलईडी लागत नाही. सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर प्लास्टिक वितळतं.

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. दृश्य प्रकाशाचा पहिला लाल एलईडी निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये केला. प्रखर निळा यायला 1990 चं दशक उजाडलं आणि त्यासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा यांना 2014 चं नोबेल मिळालं. शोध फार मोठा आहे; पण रात्री गाडीत झगझगीत निळा उजेड डोळ्यांना त्रास देतो. अंधाराला सरावलेली नजर मंद लाल-नारिंगी उजेडात टिकते, निळ्यात मोडते. स्विचवरचं चिन्ह ओळखू येईल इतकाच उजेड पुरे.

आज संध्याकाळी गाडी उभी केलीत की पार्किंग लाइट लावा आणि एकेक स्विच पाहून घ्या. सुरुवात लाल त्रिकोणाच्या धोकासूचक बटणापासून करा. रस्त्यात गाडी बंद पडली, तर अंधारात सर्वांत आधी तेच शोधावं लागतं.