पेट्रोलियम अभियंत्याचे समाधान

पेट्रोलियम अभियांत्रिकी हे डोळ्यांना न दिसणाऱ्या खडकाविषयी निर्णय घेण्याचे शास्त्र आहे. जमिनीखाली तेल तळ्यासारखे साचलेले नसते. खडकाच्या बारीक छिद्रांत ते मुरलेले असते. ही छिद्रे किती, एकमेकांना कितपत जोडलेली, त्यांत तेल किती आणि पाणी किती, हे सगळे भूकंपलहरींच्या नोंदी, विहिरीत सोडलेली उपकरणे आणि वर काढलेले खडकाचे नमुने यांवरून ताडावे लागते. अंदाज आणि प्रत्यक्ष विहीर जुळली, की या पेशातले पहिले समाधान पदरात पडते.

मुंबई हाय हे समुद्रातले तेलक्षेत्र याचे अगदी दारातले उदाहरण. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या खोदकामाच्या रिगला फेब्रुवारी 1974 मध्ये तेल लागले आणि मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झाले. शोधाची बातमी गाजली, पण खरे काम त्यानंतर सुरू झाले आणि ते आजही चालू आहे. तेल काढत गेले की खडकातला दाब उतरतो. तो टिकवण्यासाठी पाणी आत सोडावे लागते. जुन्या विहिरींना आडव्या शाखा फोडून मागे राहिलेल्या तेलापर्यंत पोचावे लागते. हेच तेल आणि वायू समुद्रतळावरील नळांतून उरणला येतात आणि तेथे स्वयंपाकाचा गॅस वेगळा होतो. मोठा शोध फार थोड्यांच्या वाट्याला येतो. बाकीच्यांचे आयुष्य थकलेल्या विहिरी चालत्या ठेवण्यात जाते आणि तेही समाधान कमी प्रतीचे नसते.

रिगवरची एक नेहमीची घटना पाहावी. खोदकाम चालू असताना पंपाने आत सोडलेला जड चिखल, म्हणजे मड, बिटपर्यंत (खोदणाऱ्या टोकापर्यंत) जाऊन परत वर येतो. तो बिट थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि आपल्या वजनाने खालचा दाब थोपवतो. टाकीतल्या मडची पातळी उगाच वाढू लागली, तर खालून वायू किंवा तेल विहिरीत शिरत असल्याची शंका येते. याला ‘किक’ म्हणतात. ड्रिलर खोदकाम थांबवतो, पंप बंद करतो आणि तरीही विहीर वाहते का ते पाहतो. वाहत असेल, तर ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे विहिरीच्या तोंडावरील झडपांचा संच, मिटवून विहीर बंद केली जाते. मग अधिक जड मड सोडून दाब आटोक्यात आणतात. हे वेळेवर झाले, तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ओळसुद्धा येत नाही. या पेशातले बरेचसे यश असेच बिनबोभाट असते.

या पेशाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांना ठाऊक असावी. 27 जुलै 2005 रोजी मुंबई हायच्या उत्तर भागात एक जहाज प्लॅटफॉर्मवर आदळले आणि लागलेल्या आगीत 22 जणांचा जीव गेला. समुद्रावर बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात आणि गणपती-दिवाळी अनेकदा तिकडेच जाते. तेलाचे भाव पडले की नोकरभरती थंडावते. एप्रिल 2020 मध्ये तर अमेरिकी तेलाचा वायदेभाव शून्याच्याही खाली गेला होता. केवळ पगाराकडे पाहून आलेल्याला असा काळ जड जातो.

हवामानबदलामुळे तेलाच्या भवितव्याविषयी प्रश्न विचारले जातात आणि ते रास्तच आहेत. मात्र खडक, दाब आणि द्रवांचा प्रवाह यांचे ज्ञान तेलापुरते नाही. भूगर्भातील उष्णता वापरणे आणि कार्बन डायऑक्साइड खोल खडकात साठवणे, या दोन्ही कामांना हीच कौशल्ये लागतात. लडाखमधील पुगा खोऱ्यात भूऔष्णिक ऊर्जेसाठी ओएनजीसीने काम हाती घेतले आहे.

विद्यार्थ्यांपैकी कोणी या शाखेकडे वळले, तर गणित आणि भूशास्त्राचा पाया पक्का हवाच. त्याहून मोलाच्या दोन सवयी आहेत: अपुऱ्या माहितीवर निर्णय घेऊन त्याची जबाबदारी पत्करणे आणि शंका आली की वरिष्ठांची भीड न ठेवता काम थांबवायला सांगणे. ज्याला हे दोन्ही जमते, त्याला या पेशात समाधान शोधत फिरावे लागत नाही.