बुडबुडा कोण फुगवतो?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



शेअर-बाजारात कुणाचे पैसे बुडाले की आपल्या कार्यकर्त्याच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते : 'सट्टा खेळायला कुणी सांगितले होते?' कामगार दारूत पगार घालवतो तेव्हा हाच कार्यकर्ता गुत्त्याच्या परवान्याविषयी आणि गुत्तेवाल्याच्या लागेबांध्यांविषयी बोलतो. त्या कामगाराला मूर्ख ठरवून मोकळा होत नाही. मग पंचविशीतला एखादा तरुण मोबाईलवर 'ऑप्शन' घेऊन वर्षाची कमाई गमावतो, तेव्हाच ही सामाजिक दृष्टी नेमकी कुठे जाते?

या प्रश्नाचा विचार करताना एका नव्या शास्त्राची मदत होते. प्रायोगिक अर्थशास्त्र आणि त्याचे भावंड असलेले वर्तनलक्षी अर्थशास्त्र यांच्याकडे आपल्या वर्तुळात फारसे कुणी गांभीर्याने पाहिलेले नाही. ज्या शास्त्राला स्टॉकहोमचे पारितोषिक मिळते ते भांडवलदारांच्याच सोयीचे असणार, असा एक समज त्यामागे असावा. समज सोयीचा आहे, पण खरा नाही.

प्रारंभ झाला तो एका वर्गातल्या खेळापासून. हार्वर्ड विद्यापीठात एडवर्ड चेंबरलिन हे प्राध्यापक विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या वाटत. कुणी विक्रेता, कुणी ग्राहक. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर त्याचा खर्च, ग्राहकाच्या चिठ्ठीवर त्याला परवडणारी कमाल किंमत. मग सर्वांनी वर्गात हिंडून आपापसांत सौदे करायचे. पाठ्यपुस्तकातील मागणी-पुरवठ्याच्या रेषा जेथे छेदतात तेथे भाव स्थिरावत नाही, असे चेंबरलिन यांनी १९४८ साली दाखवले. त्या वर्गात पुढे बसलेल्या व्हर्नन स्मिथ या विद्यार्थ्याला हा खेळ विसरता आला नाही. १९५६ साली पर्ड्यू विद्यापीठात शिकवत असताना त्याने तोच खेळ घेतला, परंतु नियम बदलला. कोपऱ्यात कुजबुजून सौदा करायचा नाही. प्रत्येकाने आपला भाव सर्वांसमक्ष पुकारायचा. आणि काय आश्चर्य, थोड्याच फेऱ्यांत भाव जवळजवळ बरोबर त्या छेदबिंदूवर येऊन बसला. त्याचा निबंध १९६२ साली प्रसिद्ध झाला.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. स्मिथ यांच्या मातोश्री समाजवादी होत्या आणि स्वतः स्मिथ यांनी आयुष्यातले पहिले मत १९४८ साली समाजवादी पक्षाच्या नॉर्मन थॉमस यांना दिले होते. पुढे ते मुक्त बाजाराचे खंदे समर्थक झाले, त्याला या प्रयोगांचाही हातभार लागला. हा निष्कर्ष आपल्याला रुचणारा नाही. म्हणून तो लपवायचा काय? वापरून संपणाऱ्या मालाचा बाजार, नियम उघड आणि समान असतील तर, पुष्कळच शहाणपणाने चालतो, हे मान्य करून पुढे जावे. किंबहुना या प्रयोगातील खरी मेख 'बाजार' या शब्दात नसून 'नियम' या शब्दात आहे. माणसे त्याच प्रकारची, चिठ्ठ्या त्याच प्रकारच्या. नियम बदलला आणि निकाल बदलला.

परंतु हेच स्मिथ पुढे शेअर-बाजाराकडे वळले, तेव्हा चित्र पालटले. जेरी सुचानेक आणि आर्लिंग्टन विल्यम्स यांच्यासह त्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे. नऊ किंवा बारा जण संगणकासमोर बसवले. प्रत्येकाला काही शेअर आणि काही रोकड दिली. पंधरा फेऱ्या. प्रत्येक फेरीअखेर शेअरवर लाभांश मिळायचा : शून्य, ८, २८ किंवा ६० सेंट, चौघांचीही शक्यता सारखी. म्हणजे सरासरी २४ सेंट. पंधरा फेऱ्यांनंतर शेअर कवडीमोल. तेव्हा आरंभी त्याचे मूल्य १५ गुणिले २४, म्हणजे ३ डॉलर ६० सेंट. दहाव्या फेरीच्या तोंडाशी ते १ डॉलर ४४ सेंट. शेवटच्या फेरीत अवघे २४ सेंट. यात काहीही गुप्त नव्हते. हा हिशेब सर्वांना ठाऊक होता.

तरीही भाव मूल्याच्या खालून सुरू झाला, वर वर चढत गेला, मूल्य फेरीगणिक घटत असताना त्याच्या कितीतरी वर तरंगत राहिला आणि शेवटच्या काही फेऱ्यांत धाडकन कोसळला. एका गटात नव्हे, नवख्या खेळाडूंच्या गटामागून गटांत. ना अफवा, ना वर्तमानपत्रे, ना दलाल, ना हर्षद मेहता, तरी बुडबुडा! दुसऱ्याने आपल्याहून चढा भाव द्यावा, या आशेवर जो तो खरेदी करत होता, असे प्रथम वाटले. पुढे २००१ साली लेई, नुसेअर आणि प्लॉट यांनी घेतलेला शेअर पुन्हा विकण्यास बंदी घालून पाहिली, तरीही मूल्याहून चढ्या भावाचे सौदे झाले. कारण एकच नाही, एवढे त्यावरून कळते.

बुडबुडा कशाने मोठा होतो आणि कशाने मावळतो? खेळाडूंच्या हाती रोकड अधिक दिली की तो अधिक फुगतो. तीच मंडळी तोच खेळ पुन्हा खेळली की तो लहान होतो, तिसऱ्या खेपेस बहुधा नाहीसाच होतो. म्हणजे माणूस शिकतो. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनुभवी खेळाडूंपुढेच रोकड आणि लाभांशाची अनिश्चितता वाढवली, आणि बुडबुडा परत आला. धडा परिस्थितीपुरता असतो. परिस्थिती बदलली की तो पुसला जातो. खऱ्या बाजारात तर परिस्थिती रोज बदलते आणि नवखी मंडळी दर हंगामाला नव्याने येतात.

डॅनियल काहनमन आणि अ‍ॅमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ पासून दाखवून दिले की तेवढ्याच रकमेच्या लाभाने होणाऱ्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख सुमारे दुप्पट तीव्र असते. म्हणून वाढलेला शेअर माणूस विकून टाकतो आणि पडलेला मात्र 'भाव परत येईल' म्हणून कवटाळून बसतो. अमेरिकेतील एका दलाली पेढीच्या हजारो खात्यांचा अभ्यास करून टेरन्स ओडीन यांनी १९९८ साली हे प्रत्यक्ष आकड्यांत दाखवले.

आता आपल्याकडचे आकडे पाहा. 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी पैसे गमावले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांवर. लागोपाठ तोटा होऊनही तीन-चतुर्थांशाहून अधिक लोक खेळत राहिले. काहनमन यांच्या कोष्टकात हे बरोबर बसते. पण त्याच पाहणीत आणखी एक रकाना आहे. २०२३-२४ मध्ये स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या पेढ्यांनी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूकदार संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी रुपये ढोबळ नफा मिळवला, आणि त्यातील जवळजवळ सर्व नफा संगणकीय आज्ञावलीने आपोआप होणाऱ्या सौद्यांतून आला. उलट त्या वर्षी खेळणाऱ्या व्यक्तींपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिकांचे जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत होते.

स्मिथ यांच्या प्रयोगशाळेत सर्वांपुढे सारखेच यंत्र होते. येथे एका बाजूला मोबाईल आहे आणि दुसऱ्या बाजूला सेकंदाच्या अल्पांशात सौदा करणारे यंत्र. यात लोभ आहे, नाही असे नाही. परंतु लोभ दोन्ही बाजूंना आहे. तोटा एकाच बाजूला आहे.

या शास्त्राचा राजकारणात उपयोग मात्र भलत्याच दिशेने झाला. माणूस चुकतो, तर त्याला हळूच कोपराने ढोसून योग्य मार्गावर आणावे, हा रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांचा २००८ चा विचार सरकारांनी उचलून धरला, कारण त्यात खर्च कमी आणि हितसंबंधांना धक्का नाही. या क्षेत्रातील निक चेटर आणि जॉर्ज लोवेनस्टीन या दोघा संशोधकांनीच २०२२ साली कबुली दिली की व्यक्तीला सुधारण्याच्या नादात व्यवस्था बदलण्याचा प्रश्न मागे पडला. (शास्त्रही धुतल्या तांदळाचे नाही : प्रामाणिकपणावरचा २०१२ चा एक गाजलेला निबंध, त्यातील आकडे बनावट निघाल्याने २०२१ साली मागे घ्यावा लागला.)

'सेबी'ने ऑक्टोबर २०२४ मध्ये सौद्याचा किमान आकार वाढवला आणि दर आठवड्याला संपणाऱ्या सौद्यांवर मर्यादा घातली. इशारे छापण्यापेक्षा हे बरे. निदान नियमाला हात लागला. पण २०२४-२५ या वर्षातही ९१ टक्के व्यक्ती तोट्यातच राहिल्या. यंत्राच्या सौद्यांवरील कर आणि दलाली पेढ्यांच्या जाहिराती हे प्रश्न विधिमंडळात नव्हे, संसदेत विचारायचे आहेत, आणि ते विचारण्याइतका अभ्यास आपल्यापैकी कुणीतरी केला पाहिजे.

त्याची सुरुवात शिबिरातच करता येईल. संगणक लागत नाही. नऊ तरुण, कागदाचे शेअर, खोट्या नोटा, लाभांशाच्या चार चिठ्ठ्या आणि भाव लिहायला एक फळा पुरे. शेअरचे मूल्य प्रत्येक फेरीपूर्वी फळ्यावर ठळक लिहावे, म्हणजे कळले नव्हते असे कुणाला म्हणता येणार नाही. त्याच मंडळींनी खेळ तीनदा खेळावा. चौथ्या वेळी प्रत्येकाच्या हाती दुप्पट नोटा द्याव्यात.