थेंब आणि पापुद्रा

अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब गोल राहतो, स्वच्छ काचेवर तोच पसरतो. हा पृष्ठताणांच्या तोलाचा परिणाम होय, हे शिक्षकवर्गास ठाऊक आहेच. परंतु न पसरणारा द्रव केवळ तापमान वा मिश्रण बदलताच पसरू लागतो, हे सहसा सांगितले जात नाही. जॉन कान यांनी १९७७ साली तसे भाकीत केले. १९८० मध्ये त्यांनी व मोल्डोव्हर यांनी मिथेनॉल व सायक्लोहेक्झेन यांच्या मिश्रणात ते पडताळून पाहिले. या मिश्रणाचे दोन थर पडतात. मिथेनॉलचे आधिक्य असलेला जड थर तळाशी बसतो; तरीही त्याचाच पातळ पापुद्रा हलक्या थराच्या माथ्यावर, गुरुत्वाकर्षणाला न जुमानता, पसरलेला असतो! पुरेसे पाणी मिसळले की तो मोडून थेंब उरतात.

कधी मोडण्याजोगी स्थिती येऊनही पापुद्रा टिकून राहतो, शून्य अंशाखाली न गोठलेल्या पाण्यासारखा. अशा वेळी एकाच मापनावर विसंबणे फसवे ठरते.

कोबीच्या मेणचट पानावरून औषधाचे थेंब ओघळतात. फवारणीत प्रसारक द्रव्य मिसळतात, ते पृष्ठताणांचा हाच तोल बदलण्यासाठी. मात्र त्याची मात्रा अधिक झाली, तर औषध पानावर न थांबता मातीत निथळते.