न आलेल्या घरांची नोंद
(बोदलकसा येथील वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या तलावाखालील शेतकरी जाणतो की, फुटलेला पाट ओरडून सांगत नाही. शेवटच्या बांधीत पाणी पोचले नाही, म्हणजे तो कळतो. संगणकांच्या जाळ्याचेही तसेच आहे. दोन यंत्रे परस्परांस ठराविक अंतराने लहानसा संदेश धाडतात. लागोपाठ ठरलेले, बहुधा तीन, संदेश आले नाहीत की मार्ग तुटला असे मानून वाहतूक दुसरीकडे वळविता येते.

याचे नियम जून २०१० मध्ये 'आरएफसी ५८८०' या पत्रकाने प्रसिद्ध झाले. ते १९८६ साली स्थापन झालेल्या इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सच्या एका कार्यगटाने सिद्ध केले. स्पर्धक कंपन्यांचे अभियंते तेथे एकत्र बसतात. पण निर्णय मतदानाने होत नाही. ५१ विरुद्ध ४९ ही तेथे संमती नव्हे. प्रत्येक आक्षेपाचा विचार झाला की नाही, हे अध्यक्षाने पाहावयाचे असते. मात्र एकट्याच्या हट्टापायी कामही अडवीत नाहीत.

आपल्याकडे वर्गणीचा ठराव हात वर करून क्षणात संमत होतो. विरोधक मुकाट्याने घरी जातो आणि पुढील वर्षी त्याचे कुटुंब येत नाही. तोच तुटलेला दुवा होय. यंत्र तीन संदेशांत सावध होते; आपण तीन वर्षांतही होत नाही.

म्हणून कार्यकारिणीने यंदा न आलेल्या घरांची यादी करावी, दोघांनी त्यांच्या दारी जाऊन आक्षेप लिहून घ्यावेत व पुढील सभेत त्यांस उत्तर द्यावे, एवढीच नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.