सुट्टीत गाव कोणते निवडावे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मला आज चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी विषय मुद्दामच घरगुती निवडला. सुट्टीत घरच्या सगळ्या मंडळींना घेऊन कुठे जायचे, हे कसे ठरवावे? विषय वरवर हलका वाटेल. परंतु वर्षभर पै-पै बाजूला टाकून आपण चार दिवस बाहेर पडतो. ते सुखाचे गेले तर त्यांची गोडी वर्षभर पुरते. दमणूक आणि चिडचिड पदरी आली, तर पैसाही जातो आणि मनही जाते.

आपल्या आया-आज्यांना ही निवड करावीच लागली नाही. बाईचे बाहेर पडणे म्हणजे माहेर, लग्नकार्य किंवा यात्रा. दत्तजयंतीला सारंगखेडा, चैत्रात सप्तशृंगीगड, नाहीतर प्रकाशाला तापी-गोमाईच्या संगमावर स्नान. गाव देवानेच ठरवून ठेवलेले असे. आता देवदर्शनाबरोबर हवापालटही आली, आणि निवडीचे काम आपल्यावर आले.

पुष्कळ घरांत ती कशी होते? शेजारचे कुठे गेले आणि मुलांनी मोबाइलवर कोणते चित्र पाहिले, यावरून. माझे म्हणणे असे की, आधी गाव पाहू नये, आधी माणसे मोजावी. बरोबर कोण कोण येणार? त्यांत सर्वांत हळू चालणारे कोण? त्या माणसाला जे झेपेल, तेच गाव सगळ्यांचे.

आपल्या जवळचीच उदाहरणे घेऊ. तोरणमाळ आपल्याच जिल्ह्यात, अक्राणी तालुक्यात, सातपुड्यात अकराशे मीटरांहून अधिक उंचीवर आहे. यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी, गोरखनाथाचे मंदिर; पावसाळा सरताना हिरवागार डोंगर पाहून डोळे निवतात. परंतु शहाद्याहून पुढे घाटाची वळणे आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांनी भरल्या पोटी निघू नये, आणि राहण्याची सोय आधी ठरवल्याशिवाय तर मुळीच निघू नये. शिवाय तेथे माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांच्या अंगणात न विचारता शिरणे, बायामुलांची चित्रे काढणे, हे आपल्याला आपल्या दारी चालेल काय?

अजिंठ्याला जायचे तर रेल्वेने जळगाव आणि तेथून सुमारे ६० किलोमीटर मोटारीने. लेणी पाहून मुलांच्या ज्ञानात भर पडते. पण पायऱ्या चढाव्या लागतात, आणि मेच्या उन्हात तो कातळ तापतो. म्हणून दिवाळीनंतर जावे. आणखी एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा : अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. वार न पाहता निघालेली माणसे दारावरूनच परततात.

सुरतेला गाडी सरळ जाते. वाटेत नवापूरचे स्टेशन मुलांना जरूर दाखवा. त्या फलाटावरूनच दोन राज्यांची हद्द गेली आहे. अर्धे बाक महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत! सापुताराही हद्दीपलीकडेच. येथे हिशेबाची गोष्ट सांगते. एस.टी.त आपणा बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील वडीलधाऱ्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. परंतु ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. घरातली पाच-सहा माणसे निघाली की हा फरक लहान राहत नाही.

आता दूरची गोष्ट. आपल्या ओळखीतल्या काही घरची मुले अमेरिकेत आहेत आणि आईवडील तेथे जाऊन येतात. माझ्या भाचीने मागे फोनवर विचारले, "मावशी, सासूसासरे येणार आहेत. जुलैत त्यांना कोणते शहर दाखवू?" मी काही अमेरिका पाहिलेली नाही, मी तिला एवढेच विचारले, की सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? मग तिने एकेक शहर या मापाने मोजले. न्यूयॉर्कला भुयारी रेल्वे सगळीकडे नेते, पण चालणे आणि जिने फार. सॅन फ्रान्सिस्कोचे रस्ते चढउताराचे, आणि ऐन जुलैत तेथे धुके व गारठा. लास व्हेगासला जुलैत पारा चाळिशीच्या वर. ते ऊन तर त्या माउलीने घरीच सोसले होते. शेवटी वॉशिंग्टन ठरले. तेथे स्मिथसोनियन संस्थेची मोठमोठी संग्रहालये आहेत, विमानांचे आहे, हिऱ्यामाणकांचे आहे. आणि प्रवेशाला एक पैसाही पडत नाही. दमले की बसावे, वाटले तर उद्या पुन्हा यावे. नातवंडे विमाने पाहत राहिली, आजीने बसून बसून सगळे पाहिले. नंदुरबार असो की अमेरिका, माप एकच.

आता खरी गोष्ट बोलते. माणसे मोजताना आपण एक माणूस नेहमी विसरतो, आणि ते म्हणजे आपण स्वतः. मे महिना मुलांच्या सुट्टीचा, पण तोच आपल्या बिबड्या-कुरडयांचा, शेवयांचा आणि वर्षाच्या तिखटाचा. मग निघायच्या वेळी घरची बाई हळूच म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते." सगळ्यांना ते सोयीचे असते, म्हणून कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. आणि गेली तरी काय? खोलीवर स्टोव्ह पेटवायचा, दहा जणांचा स्वयंपाक करायचा. हा हवापालट नव्हे, चूल-पालट झाला!

म्हणून गाव निवडताना हाही प्रश्न मोठ्याने विचारा, की तेथे दोन वेळचे साधे जेवण तयार मिळते का? पहिल्या दिवसापुरत्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घ्यावी. पुढे खानावळीत जेवावे. त्यापायी एक मुक्काम कमी करावा लागला तरी चालेल. चार दिवस रांधण्यापेक्षा तीन दिवस विसावा बरा.

आणि घर कोण सांभाळणार? येथे आपले मंडळ कामाला येऊ शकते. शेजारच्या दोन घरांनी ठरवावे : यंदा तुम्ही जा, तुमची गाय, तुळस आणि घरी राहिलेले म्हातारे माणूस आम्ही पाहू, पुढच्या खेपेस तुम्ही आमचे पाहा. याला वर्गणी लागत नाही, विश्वास लागतो.

ज्यांना तेवढेही जमत नसेल, त्यांच्यासाठी मी सूचना मांडते की, मंडळाने यंदा प्रकाशाला एक दिवसाची सहल न्यावी. सकाळी निघून दिवेलागणीला घरी येता येते. केदारेश्वराचे दर्शन होईल. आणि १९५५ साली तेथे झालेल्या उत्खननात तांब्या-दगडाची हत्यारे वापरणाऱ्या माणसांची फार प्राचीन वस्ती सापडली, हेही मुलींना सांगता येईल. त्या दिवशी स्वयंपाक घरच्या पुरुषांनी करावा. पिठले-भात तर कोणालाही येतो!

तेव्हा भगिनींनो, यंदा घरात सहलीची बोलणी निघतील, तेव्हा "तुम्ही जाऊन या" हे शब्द ओठांवर आणू नका. आपले नाव माणसांत मोजा. मग गाव आपोआप बरोबर निवडले जाईल.