शेजाऱ्याची शस्त्रे आणि रयतेची तिजोरी

एखाद्या राज्याने आपल्या फौजफाट्यावर किती द्रव्य खर्चावे, हा त्या राज्याच्या घरचा प्रश्न होय. त्यात शेजाऱ्याने तोंड घालू नये, असा मुत्सद्द्यांच्या जगात एक जुना दंडक आहे. दंडक दिसावयास सरळ आहे. आपल्या घरात कोणी किती भांडीकुंडी आणावीत हे दुसऱ्याने का विचारावे? परंतु शेजारच्या वाड्यात भांड्यांऐवजी दारूगोळ्याची पोती उतरू लागली, तर भिंतीअलीकडच्या माणसाने डोळ्यांवर पांघरूण ओढून स्वस्थ निजावे काय? शेजाऱ्याच्या शस्त्रांविषयी बोलण्याचा अधिकार कोणास असतो, केव्हा असतो आणि त्या अधिकाराबरोबर कोणते कर्तव्य येते, हा या भाषणाचा विषय आहे.

या प्रश्नाचे सर्वांस ठाऊक असलेले उदाहरण १९५४ सालचे आहे. त्या वर्षाच्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पाकिस्तानास लष्करी मदत देण्याचा निर्णय जाहीर केला, आणि तशीच मदत हिंदुस्थानासही मिळू शकेल असे पंतप्रधान नेहरूंना पत्राने कळविले. नेहरूंनी १ मार्च रोजी लोकसभेत या मदतीवर कडक टीका केली व स्वतःच्या देशासाठी ती स्वीकारण्याचे नाकारले. दोन महासत्तांच्या भांडणापासून दूर राहू इच्छिणाऱ्या राष्ट्राच्या दारापर्यंत हे भांडण शस्त्रांच्या रूपाने आणले जात आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. काश्मिरातील संयुक्त राष्ट्रांच्या पथकात असलेले अमेरिकन निरीक्षक यापुढे निःपक्षपाती मानता येणार नाहीत, असेही त्यांनी सांगितले. त्यावर पाकिस्तानचे उत्तर तयार होते. आपण लहान राष्ट्र आहो, शेजारी मोठा आहे, त्याचे सैन्यही मोठे आहे; भय वाटणाऱ्याने कुंपण घातले तर बलाढ्याने का चिडावे? मे महिन्यात कराराच्या सह्या झाल्या, आणि वाद तेथेच राहिला.

दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकताना प्रथमदर्शनी दोन्ही खरी वाटतात. कोणते अधिक खरे हे ठरविण्यास कराची वा वॉशिंग्टनपर्यंत जाण्याचे कारण नाही. हा प्रश्न मराठवाड्याच्या भूमीत, विशेषतः नांदेड व लातूर या भागांत, त्यापूर्वी सहा वर्षे रक्ताने लिहिला गेला होता. आणि त्याची पहिली ओळ तर त्याहूनही शंभर वर्षांमागची आहे.

निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकात ‘हैदराबाद कंटिंजंट’ नावाची फौज होती. तिचे अंमलदार इंग्रज आणि खर्च मात्र निजामाच्या तिजोरीचा. औरंगाबाद, जालना, हिंगोली व मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे तिच्या छावण्या होत्या. हिंगोली नांदेडच्या शेजारी, अंबाजोगाई लातूरच्या शेजारी. तेव्हा या फौजेची पडघम दोन्ही भागांच्या कानांवर रोज पडत असावी. खर्च पेलेना तेव्हा दरबाराने पामर कंपनीसारख्या पेढ्यांचे कर्ज काढले, पुढे कंपनी सरकारचीच बाकी थकली. अखेर १८५३ साली लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दीत तह झाला आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब व नळदुर्गाकडील मुलूख इंग्रजांच्या हवाली करावा लागला. नळदुर्ग व रायचूर १८६० साली परत मिळाले. वऱ्हाड मात्र गेले ते गेलेच, आणि १९०२ साली ते दरसाल पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने दिले गेले. ज्या फौजेवर राज्याचा हुकूम चालत नव्हता, तिच्यासाठी राज्याने आपला सर्वांत सुपीक कापसाचा मुलूख घालविला. फौजखर्चाचा हिशेब रयतेपुढे न मांडणाऱ्या राज्याची गत काय होते, याचा हा पहिला धडा होय.

दुसरा धडा १९४७-४८ सालचा. इंग्रज गेले तेव्हा निजाम मीर उस्मान अली खान यांनी हिंदुस्थान वा पाकिस्तान यांपैकी कोणत्याही संघराज्यात सामील न होता स्वतंत्र राहण्याचे ठरविले. दिल्लीशी चाललेल्या वाटाघाटींत त्यांच्या बाजूने अशीही अट पुढे आली होती की, हिंदुस्थान व पाकिस्तान यांच्यात युद्ध जुंपल्यास हैदराबाद तटस्थ राहील. म्हणजे तटस्थपणाचा दावा या प्रसंगी निजामाचा होता. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एका वर्षासाठी ‘जैसे थे’ करार झाला. परंतु करारावरील शाई वाळते न वाळते तोच हैदराबाद सरकारने पाकिस्तानास वीस कोटी रुपयांचे कर्ज हिंदुस्थान सरकारच्या रोख्यांच्या रूपाने दिल्याचे उघड झाले. पुढील वर्षी सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमाने भरून शस्त्रे हैदराबादेत उतरवू लागला. दिल्लीने वारंवार हरकत घेतली. हैदराबादचे पंतप्रधान मीर लायक अली यांचे उत्तर तेच, जे पुढे १९५४ साली कराचीहून ऐकू यावयाचे होते: आम्ही लहान आहो, चोहोंकडून वेढलेले आहो, आम्हांस आत्मरक्षण नको काय?

या उत्तराची परीक्षा कशी करावी? तीन प्रश्न विचारावेत. पैसा कोणाचा व तो कोणाच्या संमतीने खर्च झाला, हा पहिला. शस्त्रांचे तोंड कोणाकडे वळले, हा दुसरा. आणि टीका करणाराचे स्वतःचे हात कितपत स्वच्छ आहेत, हा तिसरा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर उघड आहे. पैसा रयतेचा होता. परंतु जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या स्टेट काँग्रेसचे पुढारी तुरुंगात होते. मराठवाड्यात शिक्षक म्हणून ज्यांनी आयुष्याची उभारणी केली ते स्वामी रामानंद तीर्थ हेही त्यांतच होते. वीस कोटी रुपये देशाबाहेर जाताना नांदेडच्या कापूसवाल्यास किंवा लातूरच्या अडत्यास कोणी विचारले नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गावोगाव मिळाले. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या संघटनेस राज्याचे पाठबळ होते, आणि तिच्या बंदुका सरहद्दीपलीकडील सैन्यावर नव्हे, तर राज्यातील गावांवर चालल्या. जे बोलले त्यांस हिंदू-मुसलमान हा भेद पाहून सोडले गेले नाही; ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांनी हिंदुस्थानात सामील होण्याचा पुरस्कार केला म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. नांदेडकडील कुटुंबे पैनगंगा ओलांडून उमरखेड-पुसदकडे गेली, लातूर-धाराशिवकडील बार्शी-सोलापूरकडे. यात दैवाचा एक विलक्षण न्याय आहे. पैनगंगेपलीकडचे ते वऱ्हाड १८५३ साली फौजेच्या खर्चापायीच हातचे गेले होते. पंचाण्णव वर्षांनी निजामाच्या त्रस्त प्रजेस तेच आश्रयस्थान झाले. शेजाऱ्याच्या दारात जेव्हा निर्वासित येऊन उभे राहतात, तेव्हा शस्त्रांचा प्रश्न घरचा राहत नाही. बोलण्याचा अधिकार येथे उत्पन्न होतो.

आणि ही शस्त्रे राज्याच्या तरी कामी आली काय? १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी सैन्य सोलापूरच्या बाजूने नळदुर्गाकडून आत शिरले. मेजर जनरल चौधरी त्याचे सेनानी होते. १७ तारखेस निजामाने हार मानली. पाच दिवसांत सर्व आटोपले. ज्या खर्चाचे समर्थन स्वसंरक्षण म्हणून केले गेले होते, त्याने संरक्षण कोणाचेच झाले नाही.

तथापि तिसरा प्रश्न टाळून चालणार नाही; सत्य सांगावयाचे तर तोच सर्वांत कठीण आहे. हिंदुस्थान सरकारने त्या काळी हैदराबादची जी आर्थिक कोंडी केली, तिची झळ दरबारापेक्षा सामान्य माणसास अधिक लागली. आणि लष्करी कारवाईच्या पाठोपाठ जे घडले त्याची चौकशी करण्यासाठी पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांचे मंडळ केंद्र सरकारने पाठविले. अगदी हात राखून केलेल्या अंदाजानेही सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, असे या मंडळाने कळविले. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद ही नावे होती. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच मोडत असे. रझाकारांच्या पापाचा झाडा ज्यांनी कधी हातात काठीही घेतली नव्हती अशांकडून घेतला गेला. हा अहवाल त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही. तो अनेक दशके दप्तरात पडून होता. शेजाऱ्याकडे हिशेब मागणाऱ्याने स्वतःची वही मिटून ठेवली, हे नाकारता येत नाही.

आता १९५४ च्या वादाकडे पुन्हा पाहावे. नेहरूंची भीती अनाठायी नव्हती. ही शस्त्रे हिंदुस्थानावर चालणार नाहीत अशी हमी अमेरिकेने दिली होती. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबातील असल उत्ताडच्या शेतांत अमेरिकन पॅटन रणगाडे मोडून पडलेले जगाने पाहिले. त्याहून भयंकर ते १९७१ चे. शेजाऱ्याच्या भयाने जमविलेली फौज पूर्व बंगालात स्वतःच्याच प्रजेवर तुटून पडली आणि लाखो निर्वासित हिंदुस्थानात आले. मराठवाड्याने १९४८ साली जे लहान प्रमाणावर पाहिले, तेच हे मोठ्या प्रमाणावर होते: ज्या खर्चास प्रजेची संमती नसते, त्या खर्चाची शस्त्रे पुष्कळदा प्रजेकडेच वळतात.

पण हिंदुस्थानाची वही? मदत नाकारणाऱ्या याच देशाने त्या दशकात इंग्लंड-फ्रान्सकडून सेंचुरियन रणगाडे, कॅनबेरा व मिस्टेर विमाने विकत घेतली, आणि १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर संरक्षणखर्च थोड्याच काळात दुपटीवर गेला. हा खर्च अनावश्यक होता असे कोणी म्हणणार नाही. फरक इतकाच, आणि तो लहान नाही, की तो लोकसभेत मांडला गेला, त्यावर वाद झाले, आणि १९६२ च्या पराभवानंतर संरक्षणमंत्र्यास पद सोडावे लागले. जेथे असे विचारता येते, तेथे सैन्य रयतेचे असते. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात याच लातूर जिल्ह्यात जवान ढिगारे उपसताना लोकांनी पाहिले. सैन्य वाईट नव्हे. बिनहिशेबी सैन्य वाईट.

तात्पर्य हे की, शेजाऱ्याच्या शस्त्रांविषयी बोलणे हा आगाऊपणा नव्हे. कित्येकदा ते न बोलणे हाच गुन्हा ठरतो. परंतु जो बोलेल त्याने शेजाऱ्याला विचारलेले तिन्ही प्रश्न स्वतःच्या घरातही विचारावेत आणि त्यांची उत्तरे दप्तरात दडवू नयेत. नांदेड-लातूरच्या भूमीने या प्रश्नाच्या दोन्ही बाजू सोसल्या आहेत. रझाकारांच्या गोळीने जे पडले आणि नंतरच्या सूडात जे पडले, त्या दोघांच्याही घरी पुढे दिवा लावणारे कोणी उरले असेल, तर त्यास राज्याच्या स्वातंत्र्याची, तटस्थतेची वा प्रतिष्ठेची भाषा पुरेशी वाटणार नाही. तो एवढेच विचारील की, ही बंदूक कोणाच्या पैशाने आली आणि ती माझ्या दारात का आली. या प्रश्नास ज्या राज्यापाशी उत्तर आहे, त्याच राज्याने शेजाऱ्यास जाब विचारावा.