सर्पगंधा, ससे आणि डोपामिन



मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांचं रसायन, असा विषय मला दिला आहे. विषय अवाढव्य. म्हणून एकच आजार घेतो: कंपवात, म्हणजे पार्किन्सन. आणि एकच रसायन: डोपामिन. या दोघांची गाठ पडायला आपली सर्पगंधा कारणीभूत झाली.

सर्पगंधेचं मूळ आपले वैद्य पूर्वापार वापरत आले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ते रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन काटेकोर नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले. पुढे १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी त्या मुळातून रेसरपिन वेगळं काढलं. त्याने रक्तदाब उतरे, मनोरुग्ण शांत होत. पण डोस वाढला की काहींचे हात थरथरू लागत, अंग ताठरे, चाल मंदावे. थेट कंपवाताचीच लक्षणं!

असं का व्हावं? स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसरपिन टोचलं. ससे निपचित पडले. मग त्यांना डोपामिनचा कच्चा माल असलेलं एल-डोपा दिलं, तर थोड्याच वेळात ते उठून हिंडू लागले. हा शोधनिबंध १९५७चा. रेसरपिनने आटलेल्या रसायनांपैकी सशांच्या मेंदूत नॉरअ‍ॅड्रेनालिन परतलं नव्हतं. परतलं होतं ते डोपामिन. तोवर डोपामिनला नॉरअ‍ॅड्रेनालिन तयार होतानाची मधली पायरी समजत, त्याला स्वतःचं काम आहे असं कुणी मानत नसे. या कामासाठी कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

व्हिएन्नात ओलेह हॉर्निकीव्हिच यांनी पुढचा प्रश्न विचारला: माणसाचं काय? त्यांनी दिवंगत रुग्णांचे मेंदू तपासले. डोपामिन असलं की गुलाबी रंग येईल अशी रासायनिक चाचणी होती. निरोगी मेंदूच्या नमुन्यात रंग आला, कंपवाताच्या नमुन्यात जवळजवळ आलाच नाही. हा फरक उघड्या डोळ्यांना दिसत होता. १९६०मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि १९६१मध्ये वॉल्टर बिर्कमायर यांनी रुग्णांना एल-डोपाची इंजेक्शनं दिली. अंथरुणाला खिळलेली माणसं काही तासांपुरती का होईना, उठून चालली. १९६७मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी तोंडावाटे डोस हळूहळू वाढवत नेण्याची रीत बसवली.

थेट डोपामिनच का देत नाहीत? कारण ते रक्तातून मेंदूत शिरू शकत नाही. एल-डोपा हे अमिनो आम्ल, त्यामुळे ते इतर अमिनो आम्लांच्या वाटेने आत जातं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. वाटेतच रूपांतर होऊ नये म्हणून गोळीत कार्बिडोपा घालतात.

पण हे गळक्या हौदात पाणी ओतणं आहे. डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरतच राहतात. त्या का मरतात, याचा एक धागा १९९७मध्ये हाती आला: इटली आणि ग्रीसमधल्या काही कुटुंबांत अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाच्या जनुकात दोष सापडला. त्याच वर्षी रुग्णांच्या पेशींतल्या ‘ल्युई बॉडी’ नावाच्या गोळ्यांत हेच प्रथिन साचलेलं दिसलं. ते साचणं थांबवणारं खात्रीचं औषध अजून नाही.

आता एक स्पष्ट बोलतो. अशा सभेनंतर कुणीतरी म्हणतंच, “आपल्याकडे हे सगळं आधीच होतं.” वनस्पती होती, हे खरं. खाजकुयलीच्या बियांत तर एल-डोपाच असतं. पण मला अभिमान वाटतो तो डॉ. वकील यांच्या नोंदवहीचा. त्यांनी मोजलं, लिहिलं, जगापुढे तपासायला ठेवलं, म्हणून पुढची साखळी जुळली. खाजकुयलीच्या चूर्णात एल-डोपा किती, हे दर पुडीगणिक बदलू शकतं. एल-डोपाच्या गोळ्या चालू असताना डॉक्टरांना न सांगता ते घेऊ नका.

तुमच्यापैकी अनेकांचे आईवडील भारतातून इथे येऊन-जाऊन असतात. त्यांना ही गोळी चालू असेल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. डाळ, पनीर, अंडी यांतून येणारी अमिनो आम्लं त्याच वाटेवर गर्दी करतात, म्हणून गोळी आणि जेवण यांत किती अंतर हवं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि विमानप्रवासात घड्याळ बदललं, तरी शेवटच्या गोळीपासूनचे तास मोजा. ही गोळी एकाएकी बंद करणं धोक्याचं असतं. तेव्हा ती चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.